तळव्यावरील खूण : ओळख, दैव आणि निदान

१

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले की निसटले, हा प्रश्न पुढे पंधरा वर्षे मराठी राज्याला छळत राहिला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. परंतु भाऊंच्या मृत्यूचा जो प्रत्यक्ष पुरावा समकालीनाने नोंदवून ठेवला, तो मुख्यतः त्वचेवरील पुरावा होता, या गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित पानिपतच्या प्रसंगी तेथे हजर होता. पुढे त्याने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्ताचे जेम्स ब्राउन याने १७९१ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. त्यात रणांगणावर सापडलेल्या एका शिरविरहित धडाची ओळख कशी पटविण्यात आली, याचे वर्णन आहे. त्या धडाच्या मांडीवर रुपयाएवढा काळा जन्मखुणेचा डाग होता. पाठीवर मुजफ्फरखानाने पूर्वी केलेल्या कट्यारीच्या वाराचा व्रण होता. पायाच्या तळव्यावर ज्योतिषी ज्यास पद्म आणि मत्स्य म्हणतात त्या शुभ रेषा होत्या. आणि भाऊ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत असल्यामुळे हातांवर व गुडघ्यांवर त्या व्यायामाच्या खुणा उमटलेल्या होत्या.

या यादीचे पृथक्करण केल्यास असे दिसते, की तीत चार भिन्न जातींच्या खुणा एकत्र आल्या आहेत. पहिली जन्माची, दुसरी जखमेची, तिसरी दैवाची आणि चौथी श्रमाची. काशीराजाला आणि त्याच्या काळच्या माणसांना त्यांत भेद करण्याचे कारण नव्हते. ‘हा देह कोणाचा?’ एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्या प्रश्नापुरत्या चारही खुणा सारख्याच बोलक्या होत्या. परंतु पुढील दोन शतकांत या चार खुणांच्या वाटा फुटल्या. तळव्यावरच्या रेषा पोलिसांच्या दप्तरात गेल्या, काळा डाग वैद्याच्या भिंगाखाली गेला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन वाटा पुन्हा एका ठिकाणी मिळाल्या. हातापायांच्या तळव्यांवरील तिळांची डर्मोस्कोपीने, म्हणजे भिंग व प्रकाश यांच्या साहाय्याने होणारी परीक्षा हे ते ठिकाण होय. या वाटचालीचा मागोवा घेणे आणि मावळासारख्या भागातील अनवाणी पायांच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

पवन मावळातील शिरगाव आज तेथील साईमंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ या नावाने सर्वश्रुत आहे. सोमाटण्याजवळचे हे गाव ज्या पट्ट्यात वसले आहे, तोच बोरघाटातून देशावर येणारा जुना मार्ग. भाऊंच्या ओळखीच्या प्रश्नाचे दुसरे प्रकरण याच मार्गाच्या वरच्या टोकाला घडले. स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणविणारा एक कनोजा ब्राह्मण पानिपतानंतर काही वर्षांनी उत्तरेत प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि त्याला कैदेत ठेवण्यात आले. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला, आणि पुण्याचे कारभारी हादरले. पेशव्यांच्या फौजेने त्याला राजमाचीच्या परिसरातून कोकणात पिटाळल्यावर रघूजी आंग्रे याने त्याला पकडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे हे प्रकरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पतीचे निधन मानले नाही.

या प्रकरणातून ज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चेहरा सर्वांना दिसतो, म्हणून चेहऱ्याच्या साम्यावर लोक भुलतात. मांडीवरचा डाग आणि तळव्यावरची रेषा वस्त्राने, जोड्याने किंवा भूमीनेच झाकलेली असते. तिची साक्ष घेण्यासाठी मुद्दाम पाहावे लागते. पानिपतावर शिर नव्हते, म्हणून झाकलेल्या खुणा पाहिल्या गेल्या. राजमाचीवर तोतयाचे स्वागत करणाऱ्यांपुढे चेहरा होता, म्हणून त्यापलीकडे पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही. झाकलेल्या जागेची ही उपेक्षा पुढे वैद्यकातही दीर्घकाळ टिकून राहिली, असे या निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

३

त्वचेवरील डागांचे वर्गीकरण भारतीय वैद्यकात फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा जो अध्याय आहे त्यात तिलकालक, मषक, जतुमणि, न्यच्छ आणि व्यंग असे भेद सांगितले आहेत. तिळाएवढे, काळे, न दुखणारे आणि त्वचेच्या पातळीशी सम असलेले ते तिलकालक. उडदासारखे उंच आलेले ते मषक. जन्मापासून असलेले ते जतुमणि. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाखाली डल्हणाच्या टीकेसह या ग्रंथाच्या ज्या आवृत्त्या काढल्या, त्यांमुळे हा अध्याय विसाव्या शतकातील अभ्यासकांना सुलभ झाला. या वर्गीकरणाचा ठसा मराठी भाषेवर किती खोल उमटला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सपाट तो ‘तीळ’, उंच तो ‘मस’ आणि चेहऱ्यावर पसरणारा काळसर डाग तो ‘वांग’, हा भेद मावळातील निरक्षर म्हातारीही चुकत नाही. आणि वांग हा व्यंगाचा, मस हा मषकाचा सरळ वंशज आहे.

सुश्रुताच्या या वर्णनात तीन कसोट्या अंतर्भूत आहेत : आकारमान, उंची आणि वेदना. या तिन्ही डोळ्यांनी व बोटांनी तपासता येणाऱ्या आहेत. चिकित्सास्थानात मात्र जो उपाय सांगितला आहे, तो आजच्या दृष्टीने विचारात पाडणारा आहे. असे डाग खरवडून क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावेत, असे तेथे म्हटले आहे. निरुपद्रवी तिळाच्या बाबतीत यात व्रणापलीकडे हानी नाही. परंतु तिळासारखा दिसणारा प्रत्येक डाग तीळच असतो असे नाही. आणि तो जाळून टाकला, की त्याबरोबर त्याच्या स्वरूपाचा पुरावाही नष्ट होतो. दाहक द्रव्याने तीळ काढण्याची पद्धत आजही सर्वस्वी लोपलेली नाही. म्हणून हा मुद्दा केवळ ग्रंथगत राहत नाही.

सामुद्रिकाची परंपरा वैद्यकाला समांतर वाहत होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषाच्या देहलक्षणांचा विचार आहे, तसाच अंगावर उठणाऱ्या पिटकांच्या शुभाशुभ फलांचाही आहे. तळव्यावर पद्म, मत्स्य, ध्वज, अंकुश अशा आकृती पाहण्याची दृष्टी याच परंपरेतली. मंदिरांतून पूजिल्या जाणाऱ्या पादुकांवर ही चिन्हे कोरलेली आढळतात, त्यामागेही हीच कल्पना आहे. येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सामुद्रिक ज्यांना रेषा म्हणते त्या त्वचेच्या घड्या होत. त्यांच्याहून पुष्कळ सूक्ष्म असे समांतर उंचवटे संपूर्ण तळहातावर व तळपायावर पसरलेले असतात. पुढील शास्त्रांचा सर्व व्यवहार या उंचवट्यांशी आहे.

४

या उंचवट्यांचे पहिले नेटके वर्णन इंग्लंडात नेहेमाया ग्रू याने १६८४ मध्ये केले. त्याने केवळ उंचवटेच दाखविले असे नाही, तर घामाची छिद्रे त्यांच्या माथ्यावर ओळीने उघडतात हेही दाखविले. दोन वर्षांनी इटलीत माल्पिगी याने त्यांचा उल्लेख केला, आणि १८२३ मध्ये पुर्किन्ये याने बोटांच्या टोकांवरील आकृतींचे नऊ वर्ग केले. या तिघांपैकी कोणालाही व्यक्तीच्या ओळखीशी कर्तव्य नव्हते. तो उपयोग भारतात सुरू झाला. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे हुगळी येथे निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणी यांत त्याने ठशांचा वापर केला. जपानात तोक्यो येथे वैद्यकीय काम करणारा हेन्री फोल्ड्स याने १८८० मध्ये याच विषयावर पत्र प्रसिद्ध केले, १८९२ मध्ये गाल्टनचा ग्रंथ निघाला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले. तेथील वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रात या बदलाची साक्ष कागदपत्रांतून मिळते. पेशवाईतील कागदांवर कुणबी ‘निशाणी नांगर’ करीत असे. ती त्याच्या जातिव्यवसायाची खूण होती, देहाची नव्हती. इंग्रजी अमलात नांगराची जागा डाव्या हाताच्या अंगठ्याने घेतली. गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यातच आहे. अशा रीतीने तळव्यावरील सूक्ष्म उंचवटे ओळखीचे मुख्य साधन झाले आणि तीळ मागे पडला. सेवापुस्तकातील ‘ओळखण्याच्या खुणा’ या रकान्यात ‘उजव्या तळहातावर तीळ’ अशा एका ओळीपुरताच तो उरला.

तथापि ही एक ओळ निरर्थक नाही. तळहातावरचा किंवा तळपायावरचा डाग तीस वर्षांपूर्वी होता की नव्हता आणि आज तो वाढला आहे की नाही, हा वैद्यकातला कळीचा प्रश्न आहे; आणि त्याचे लेखी उत्तर कधी कधी अशाच एखाद्या जुन्या दप्तरात मिळू शकते. ओळखीसाठी केलेली नोंद निदानासाठी उपयोगी पडावी, हा इतिहाससाधनांचा एक अनपेक्षित विनियोग होय.

५

त्वचेच्या आत पाहण्याची इच्छा जुनी आहे. नखाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कोलहाउस याने १६६३ मध्येच सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या होत्या. त्वचेच्या पृष्ठभागावरून प्रकाश परावृत्त होतो, त्यामुळे खालचे काही दिसत नाही, ही यातली मूळ अडचण. पृष्ठभागावर तेलाचा थर दिल्यास शिंगासारख्या वरच्या थराची पारदर्शकता वाढते, हे हॅम्बुर्गचे उन्ना यांनी १८९३ मध्ये दाखविले. डर्माटोस्कोपी हा शब्द म्युनिकचे योहान साफिअर यांनी १९२० मध्ये रूढ केला. रंगद्रव्ययुक्त डागांसाठी या तंत्राचा उपयोग अमेरिकेत लिऑन गोल्डमन यांनी १९५० च्या सुमारास केला, आणि शस्त्रक्रियेपूर्वी घातक व निरुपद्रवी डाग वेगळे ओळखण्यास त्याची मदत होते हे ग्लासगोच्या रोना मॅकाय यांनी १९७१ मध्ये प्रतिपादिले. व्हिएन्नातील पेहाम्बर्गर, स्टाइनर आणि वोल्फ यांनी १९८७ मध्ये आकृतिबंधांच्या पृथक्करणाची पद्धत मांडली, १९८९ मध्ये हॅम्बुर्ग येथे संज्ञांविषयी एकवाक्यता झाली, आणि हातात मावणारी दहापट मोठे दाखविणारी उपकरणे त्यानंतर सर्वत्र पसरली. ध्रुवीकृत प्रकाशाच्या उपकरणांमुळे पुढे तेलाचीही गरज उरली नाही.

या तंत्राने रंगावरून खोलीचा अंदाज येतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य अगदी वरच्या थरात असले तर काळे, बाह्यत्वचेत असले तर तपकिरी, आणि खाली अंतस्त्वचेत असले तर करडे व निळे दिसते. परंतु युरोपात बांधलेल्या या शास्त्राचा पाया युरोपीय रुग्णांच्या पाठीवरील व पायांवरील डागांवर घातला गेला होता. तेथे रंगद्रव्याची जाळी दिसते आणि त्या जाळीच्या नियमिततेवरून निर्णय होतो. तळहात व तळपाय यांवर ही जाळी दिसतच नाही. तेथील त्वचेची रचनाच निराळी आहे. परिणामी उत्तर युरोपातील रुग्णाच्या पाठीसाठी जे नियम पुरेसे होते, ते आशियातील रुग्णाच्या टाचेपाशी निरुपयोगी ठरले. त्वचेच्या ज्या घातक कृष्णार्बुदाला मेलॅनोमा म्हणतात, त्याचा तळवे आणि नखे यांवर होणारा प्रकार १९७६ मध्ये रिचर्ड रीड यांनी वेगळा वर्णिला. गौरवर्णीयांत उन्हाशी निगडित असलेले प्रकार इतके अधिक आढळतात, की हा प्रकार त्यांच्यात झाकला जातो. जपान, चीन, भारत या देशांत एकंदर मेलॅनोमा कमी आढळतो. पण जो आढळतो त्यात तळव्यांवरील व नखांवरील प्रकाराचे प्रमाण मोठे असते. ‘सावळ्या माणसाला हा रोग होत नाही’ हा समज याच अर्धसत्यातून जन्मला.

६

तळव्यांचा प्रश्न जपानात सुटला. मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठातील तोशिआकी साइदा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये तळव्यांवरील डागांची मोठी करून घेतलेली प्रत्यक्ष निरीक्षणे प्रसिद्ध केली, १९९८ मध्ये आरंभावस्थेतील मेलॅनोमाची लक्षणे मांडली, आणि २००४ मध्ये अनेक संस्थांतून जमविलेल्या ७१२ डागांचा अभ्यास पुढे आणला. त्यांचा निष्कर्ष विलक्षण साधा आहे, आणि तो मराठी शेतकऱ्याच्या परिभाषेत जितका स्वच्छ सांगता येतो तितका क्वचितच दुसऱ्या परिभाषेत सांगता येईल. उसासाठी किंवा भाजीसाठी जमीन तयार करताना ‘सरी’ व ‘वरंबा’ काढतात. तळव्याची त्वचाही सरी-वरंब्यांचीच आहे. निरुपद्रवी तिळाचा रंग सरीत असतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर असतो.

यामागील रचनेचे कारण असे. सरीच्या खाली आणि वरंब्याच्या खाली बाह्यत्वचेचे निरनिराळे कंगोरे आत उतरलेले असतात. निरुपद्रवी तिळाच्या पेशी प्रामुख्याने सरीखालच्या कंगोऱ्यात राहतात, म्हणून रंगद्रव्याचे स्तंभ वर येताना सरीच्या रेषेतच दिसतात. वरंब्याखालच्या कंगोऱ्यात घर्मनलिका शिरते. मेलॅनोमाच्या पेशींची आरंभीची वाढ या कंगोऱ्यात अधिक होते, म्हणून रंग वरंब्यावर पसरतो. आता सरी कोणती आणि वरंबा कोणता हे भिंगाखाली कसे ओळखावे? वरंब्याच्या माथ्यावर घामाची छिद्रे पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखी दिसतात. ग्रू याने १६८४ मध्ये जे नोंदविले, तेच तीन शतकांनंतर निदानाची खूणगाठ ठरले.

निरुपद्रवी तिळांचे आणखी दोन आकृतिबंध ध्यानात ठेवावे लागतात. पायाच्या कमानीत, जेथे भार पडत नाही, तेथे सरीतील रेषांना आडव्या रेषा छेदतात आणि जाळीदार आकृती तयार होते. टाच व चवडा यांवर, जेथे देहाचा भार पडतो, तेथे वरचा जाड थर तिरका सरकतो आणि रंगाचे बारीक तंतू सरींना तिरपे ओलांडताना दिसतात. हा तंतुमय आकृतिबंध नवशिक्याला फसवितो, कारण त्यात रंग वरंब्यावरूनही गेलेला दिसतो. अशा वेळी तळव्याच्या कोणत्या भागावर डाग आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

२००४ च्या अभ्यासातील आकडे बोलके आहेत. मेलॅनोमांपैकी सुमारे ८६ टक्क्यांत समांतर वरंब्यांचा आकृतिबंध आढळला, आणि निरुपद्रवी तिळांपैकी सुमारे ९९ टक्क्यांत तो आढळला नाही. म्हणजे वरंब्यावर रंग दिसणे ही फार मोठी धोक्याची सूचना आहे. पण तो न दिसणे म्हणजे अभय नव्हे. कारण सुमारे सातातील एक मेलॅनोमा त्या कसोटीतून निसटतो. याच जाणिवेतून त्रिपदी निर्णयपद्धती आली आणि २०११ मध्ये ती सुधारून मांडली गेली. प्रथम वरंब्यांचा आकृतिबंध शोधावा. तो असल्यास डाग कितीही लहान असला तरी ऊतकपरीक्षा करावी. तो नसल्यास सरींचा, जाळीदार किंवा तंतुमय असा ठरावीक निरुपद्रवी आकृतिबंध आहे काय ते पाहावे. असल्यास चिंता नाही. दोन्ही नसतील तर आकार मोजावा : सात मिलिमीटरांहून मोठा असल्यास ऊतकपरीक्षा, लहान असल्यास काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासणी.

सरी ओळखण्याची एक युक्ती २००८ मध्ये ब्राउन व सहकाऱ्यांनी वर्णन केली. डागावर शाई लावून ती पुसून टाकायची. शाई सरीत अडकते आणि वरंबा मोकळा राहतो. मग भिंगातून पाहिले म्हणजे डागाचा रंग शाईच्या रेषेत आहे की रेषांच्या मध्ये आहे, हे लगेच कळते. अंगठ्याच्या ठशाशी याची तुलना करण्याजोगी आहे. ठसा घेताना शाई वरंब्याला लागते आणि सरी कोरी राहते. येथे शाई सरीत राहते आणि वरंबा कोरा होतो. एकच तळवा, एकच शाई. परंतु पहिला प्रश्न ‘हा कोण?’ असा होता, आणि दुसरा ‘याला काय झाले आहे?’ असा आहे.

७

आशियाई, आणि विशेषतः भारतीय, तळव्यांच्या बाबतीत काही सावधगिरीच्या गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत. सावळ्या वर्णाच्या पुष्कळ निरोगी माणसांच्या तळव्यांवर तपकिरी ठिपके असतात आणि त्यांत रंग वरंब्यावर दिसू शकतो. असे ठिपके बहुधा अनेक आणि दोन्ही पायांवर असतात. मेलॅनोमा सहसा एकटा, असमान रंगाचा आणि वाढत जाणारा असतो. केसांच्या कलपासारखी रसायने हातापायांना लागली तरी रंग वरंब्यांवर बसतो. ठेचेने किंवा रगडण्याने वरच्या थरात साकळलेले रक्तही काळे दिसते. मात्र त्यात तांबूस छटा असते, आणि पात्याने हलकेच खरवडल्यास ते निघून जाते. म्हणजे जपानमध्ये ठरलेला नियम येथे वापरताना येथल्या तळव्यांचा अनुभव त्याच्याशी जोडावा लागतो.

हा विचार मराठी वैद्यकपरंपरेला नवा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ मध्ये सुरू झाले, वसंतराव खानोलकर यांनी भारतीयांच्या सवयींशी निगडित कर्करोगांचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये कमरेला घट्ट बांधलेल्या धोतरामुळे त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाकडे जगाचे लक्ष वेधले. परदेशी ग्रंथांत जे नाही ते आपल्या रुग्णाच्या अंगावर असू शकते, हा त्या संशोधनाचा धडा होता. तळव्यांच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो. शिन्शू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखविले, की तळपायावरील मेलॅनोमा ज्या जागी अधिक होतात त्या जागा भार आणि घर्षण ज्यांवर पडते त्याच आहेत. साध्या तिळांची विभागणी तशी आढळली नाही. ऊन नव्हे तर चालणे, उभे राहणे आणि भार वाहणे या नित्याच्या क्रियांशी येथे संबंध दिसतो.

शिरगावच्या आसपासचा मावळ हा भाताचा मुलूख. लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहणारे, बांधावरून अनवाणी चालणारे पाय येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा पायाला भेगा पडतात, काटे मोडतात, कुरूप होते, ठेचा लागतात. त्यामुळे तळव्यावरील काळ्या डागाला ‘काटा मोडला असेल’, ‘रक्त साकळले असेल’ हे उत्तर तयारच असते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. जेव्हा ते खरे नसते तेव्हा मात्र किंमत मोठी मोजावी लागते. मेलॅनोमाचे भवितव्य मुख्यतः तो त्वचेत किती खोल गेला आहे यावर ठरते. आरंभी छोट्याशा छेदाने संपणारा रोग काही महिन्यांत जांघेतील गाठींपर्यंत पोहोचतो. रोगी बहुधा डाग फुटल्यावर, वाहू लागल्यावर किंवा चालणे अशक्य झाल्यावरच वैद्याकडे येतो. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मावळातील रुग्णाला तज्ज्ञाकडे जाण्यासाठी आता पुणे गाठावेच लागते असे नाही. तरीही साधन जवळ असणे आणि तळवा वैद्यापुढे वर करणे यांत अंतर आहे. ताप, खोकला, पोटदुखी यांसाठी आलेल्या शेतकऱ्याचे पाय पाहण्याची रीत नाही. पाय धूळमाखले आहेत या संकोचाने तो स्वतःही ते पुढे करीत नाही.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. देहावरील खुणेला अर्थ देण्याचे तीन प्रयत्न या भूमीत झाले. सामुद्रिकाने तळव्यात भाग्य पाहिले; राज्यसत्तेने तळव्यात ओळख पाहिली; वैद्यकाने सर्वांत शेवटी तळव्यात रोग पाहिला. या क्रमाला योगायोग म्हणता येणार नाही. भाग्य आणि ओळख यांची गरज राजाला व राज्यसत्तेला होती, म्हणून त्या शास्त्रांना आश्रय लवकर मिळाला. रोगाची गरज शेतकऱ्याच्या पायाला होती. त्या शास्त्राला भिंग मिळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि तेव्हाही नियम दूर मात्सुमोतो येथे ठरले.

दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयी आहे. सुश्रुताने आकार, उंची आणि वेदना या कसोट्या दिल्या. डर्मोस्कोपीने त्यांत रंगद्रव्याचे नेमके स्थान ही चौथी कसोटी घातली. जुन्या कसोट्या खोट्या ठरल्या नाहीत, अपुऱ्या ठरल्या. सम, न दुखणारा, तिळाएवढा डागही घातक असू शकतो, कारण आरंभीचा मेलॅनोमा अगदी तसाच दिसतो. म्हणून तळव्यावरील काळा डाग पाहिल्याशिवाय जाळू नये, आणि काढलाच तर तो ऊतकपरीक्षेसाठी जपून ठेवावा, एवढी दुरुस्ती परंपरागत उपचारात झाली तरी पुष्कळ काही साधेल.

पानिपतावर भाऊंच्या धडावरील खुणा पाहणाऱ्यांनी मृताची ओळख पटविली. जिवंत माणसाच्या तळव्यावरील खूण वेळीच पाहिली गेल्यास त्याचा जीव वाचू शकतो. त्यासाठी लागणारे उपकरण खिशात मावते, आणि सरी कोणती व वरंबा कोणता हे मावळातील कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तळवा पाहण्याची सवय मात्र रुग्ण आणि वैद्य या दोघांनाही अजून लावून घ्यायची आहे.